साखर उद्योगातील ईआरपी प्रणाली

साखर उद्योगातील ईआरपी प्रणाली म्हणजे उसाच्या नोंदीपासून तोडणी, वजन, गाळप, साखरविक्री आणि ऊस उत्पादकाच्या बिलापर्यंतचे साखर कारखान्याचे सर्व व्यवहार एकाच सामाईक माहितीसाठ्यावर चालविणारी संगणकप्रणाली होय. ‘ईआरपी’ हे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग या इंग्रजी संज्ञेचे लघुरूप असून मराठीत त्यासाठी ‘उद्यम संसाधन नियोजन’ असा शब्दप्रयोग आढळतो. या लेखात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या, विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा समावेश असलेल्या नांदेड साखर विभागाच्या संदर्भात या प्रणालीची माहिती दिली आहे.

साखर कारखान्यात एकाच उसाची माहिती शेतकी विभाग, वजनकाटा, प्रयोगशाळा, लेखा विभाग आणि भांडार अशा अनेक ठिकाणी लागते. प्रत्येक विभागाने स्वतंत्र नोंदवही ठेवल्यास त्या नोंदींत तफावत पडते आणि तिचा परिणाम तोडणीची पाळी, उसाचे वजन व बिलाची रक्कम या ऊस उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टींवर होतो. एकदा केलेली नोंद पुढील सर्व विभागांनी वापरावी, हे ईआरपी प्रणालीचे मूलतत्त्व आहे. त्यामुळे प्रणालीची उपयुक्तता शेतात होणाऱ्या पहिल्या नोंदीच्या अचूकतेवर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

कारखान्याला लागणाऱ्या कच्च्या मालाची गरज संगणकाने काढण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. तिला मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग असे म्हणतात. पुढे उत्पादनक्षमता, मनुष्यबळ आणि वित्त यांचाही त्यात समावेश होत गेला. १९९० मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने अशा व्यापक प्रणालींसाठी ईआरपी ही संज्ञा वापरात आणली. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएमच्या पाच माजी कर्मचाऱ्यांनी स्थापन केलेली एसएपी ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी असून तिची आर/३ ही प्रणाली १९९२ मध्ये बाजारात आली. भारतात चेन्नईची रॅम्को सिस्टिम्स आणि ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली तयार करणारी मुंबईची फ्रॅपे या कंपन्या या क्षेत्रात आहेत.

या प्रणाली मुळात यंत्रे, सुटे भाग व तत्सम वस्तूंच्या कारखान्यांसाठी घडल्या. असा कारखाना मागणीनुसार कच्चा माल विकत घेतो, गोदामात साठवतो आणि ठरलेल्या दराने पुरवठादाराला पैसे देतो. साखर कारखान्याला यांपैकी एकही गृहीतक लागू पडत नाही. ऊस साठवून ठेवता येत नाही. तोडणीनंतर जसजसा वेळ जातो तसतसे त्याचे वजन व त्यातील साखर घटते. एका कारखान्याला ऊस पुरविणारे शेतकरी हजारोंच्या संख्येने असतात. सहकारी कारखान्यात हे पुरवठादारच सभासद, म्हणजे कारखान्याचे मालक असतात. उसाचा किमान दर कायद्याने ठरतो आणि तो साखर उताऱ्याशी जोडलेला असतो. शिवाय वर्षभराची उलाढाल चार ते सहा महिन्यांच्या हंगामातील गाळपावर उभी असते. त्यामुळे साखर कारखान्यासाठी तयार केलेल्या प्रणालीत लेखा, भांडार व विक्री या नेहमीच्या विभागांखेरीज ‘ऊस विभाग’ हा स्वतंत्र व मध्यवर्ती भाग असतो.

## नांदेड साखर विभाग

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे नियमन पुणे येथील साखर आयुक्तालय करते. आयुक्तालयाच्या नांदेड येथील प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयाच्या अखत्यारीत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. लातूर जिल्ह्यात मांजरा, विलास, रेणा आणि संत शिरोमणी मारुती महाराज हे सहकारी साखर कारखाने, तर नांदेड जिल्ह्यात भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना आहे. याशिवाय विभागात अनेक खासगी कारखाने आहेत. विलास कारखान्याचे दुसरे युनिट उदगीर तालुक्यातील तोंडार येथे, तर भाऊराव चव्हाण कारखान्याचे एक युनिट हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा येथे आहे. एकाच संस्थेचे कारखाने असे वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास त्यांच्या नोंदी एका सामाईक माहितीसाठ्यात आणण्याची गरज अधिक भासते.

विभागातील उसाचे क्षेत्र मांजरा, तेरणा, गोदावरी, पूर्णा व पैनगंगा या नद्यांवरील प्रकल्पांच्या पाणीसाठ्यावर अवलंबून असून ते वर्षागणिक मोठ्या प्रमाणात बदलते. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले; ‘जलदूत’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पोहोचली. त्यानंतरच्या २०१६-१७ च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन आधीच्या वर्षीच्या सुमारे ८४ लाख टनांवरून सुमारे ४२ लाख टनांवर आले.

याउलट २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १३७ लाख टन इतके विक्रमी साखर उत्पादन झाले. त्या वर्षी मराठवाड्यात उसाची उपलब्धता गाळप क्षमतेपेक्षा जास्त झाली. तोडणी यंत्रणा अपुरी पडली आणि अनेक शेतकऱ्यांचा ऊस मे महिन्याच्या उन्हातही शेतात उभा राहिला. हंगाम जून महिन्यापर्यंत लांबला. शिल्लक उसाचे गाळप व्हावे म्हणून राज्य शासनाने १ मे २०२२ नंतर गाळप झालेल्या उसासाठी साखर उतारा घट अनुदान म्हणून प्रतिटन २०० रुपये, तसेच ५० किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावरील वाहतुकीसाठी प्रतिटन प्रतिकिलोमीटर ५ रुपये अनुदान जाहीर केले. कोणत्या गावात किती ऊस उभा आहे, त्याची लागण केव्हाची आहे आणि त्याची नोंद कोणत्या कारखान्याकडे आहे, या माहितीचे महत्त्व या हंगामाने अधोरेखित केले. एकाच उसाची दोन कारखान्यांकडे नोंद आणि कोणत्याही कारखान्याकडे नोंद नसलेला ऊस, या दोन्ही बाबींमुळे असे अंदाज चुकतात.

## प्रणालीचे प्रमुख भाग

### ऊस नोंद

लागण झाल्यावर शेतकरी आपल्या उसाची नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात करतो. या नोंदीत सभासद क्रमांक, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, लागणीचा प्रकार (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अथवा खोडवा) आणि सिंचनाचे साधन यांचा समावेश असतो. पूर्वी ही माहिती नोंदवहीत लिहिली जात असे व क्षेत्र शेतकऱ्याने सांगितल्याप्रमाणे अथवा नजरअंदाजाने धरले जाई. ईआरपी प्रणालीत शेतकी कर्मचारी भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे शेताच्या चतुःसीमा उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने नोंदवितो. त्यावरून क्षेत्र आपोआप मोजले जाते आणि त्याच जागेवरील दुबार नोंद लक्षात येते.

को ८६०३२, कोएम ०२६५ (फुले २६५) अशा प्रचलित जातींचा पक्वता काळ व साखर उतारा वेगवेगळा असल्याने जातीची नोंद पुढील तोडणी नियोजनासाठी आवश्यक ठरते.

### तोडणी कार्यक्रम व वाहतूक

लागणीची तारीख, जात आणि पक्वता यांच्या आधारे प्रणाली प्रत्येक गटाचा तोडणी कार्यक्रम तयार करते. कारखान्याची दैनिक गाळप क्षमता विचारात घेऊन प्रत्येक गटाला रोजचा कोटा दिला जातो आणि त्यानुसार तोडचिठ्ठ्या निघतात. कागदी पद्धतीत ही चिठ्ठी चिटबॉयमार्फत दिली जाते. संगणकीय पद्धतीत ती ऊस नोंदीशी जोडलेली असल्याने नोंद नसलेल्या शेतासाठी चिठ्ठी निघत नाही आणि पाळी ओलांडून चिठ्ठी दिल्यास ती कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने दिली, याची नोंद राहते.

तोडणी मजुरांच्या टोळ्या, मुकादम, वाहने आणि ऊसतोडणी यंत्रे यांचे करारही याच विभागात ठेवले जातात. मुकादमाला व वाहनमालकाला हंगामापूर्वी दिलेली उचल, त्याने प्रत्यक्ष आणलेला ऊस, त्यावरील तोडणी-वाहतूक बिल आणि उचलीतून झालेली वसुली यांचा हिशेब रोजच्या रोज दिसतो. उचल घेऊन टोळी न आल्यास होणारे नुकसान ही साखर कारखान्यांची व वाहनमालकांची जुनी समस्या आहे. थकीत उचलीची माहिती वेळेवर मिळाल्याने ती समस्या सुटत नाही, तथापि त्याच करारदाराला पुन्हा उचल देणे टाळता येते.

### वजनकाटा

उसाचे वाहन कारखान्यात आल्यावर प्रथम भरलेल्या आणि गव्हाणीत ऊस उतरविल्यानंतर रिकाम्या वाहनाचे वजन केले जाते. दोहोंतील फरक हे उसाचे निव्वळ वजन होय. ईआरपी प्रणालीत इलेक्ट्रॉनिक काट्यावरील आकडा थेट संगणकात जातो व तो हाताने भरता येत नाही. वाहनावरील रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी आणि काट्यावरील कॅमेरा यांमुळे वाहन, चिठ्ठी व वजन यांची सांगड राहते. वजन झाल्यावर लगेच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठविण्याची सोय असते.

वजनातील अचूकतेचे महत्त्व आकडेवारीवरून स्पष्ट होते. २० टनांच्या खेपेत १०० किलोग्रॅमचा फरक हा केवळ ०.५ टक्के असतो. मात्र दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात तेवढ्याच टक्केवारीने दिवसाला २५ टनांचा फरक पडतो. काट्यांची पडताळणी राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून केली जाते आणि हंगामात भरारी पथकेही तपासणी करतात. संगणकप्रणाली काट्यावरून आलेला आकडा जसाच्या तसा जतन करते. काटा मुळात बरोबर आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही.

### गाळप आणि प्रयोगशाळा

गाळप झालेला ऊस, मिश्र रस, बगॅस, प्रेसमड, मोलॅसिस आणि साखर यांचे वजन व पृथक्करण प्रयोगशाळेत नोंदविले जाते. साधारणपणे एक टन उसापासून १०० ते ११५ किलोग्रॅम साखर, २८० ते ३०० किलोग्रॅम बगॅस व ४० ते ४५ किलोग्रॅम मोलॅसिस मिळते. उसात आलेली साखर आणि तयार साखर, बगॅस, प्रेसमड व मोलॅसिस यांतून बाहेर पडलेली साखर यांचा ताळा रोज घातला जातो. जी साखर कोठेच सापडत नाही तिला ‘अज्ञात घट’ म्हणतात.

ऊस व त्यावर मारलेले पाणी यांचे एकत्रित वजन मिश्र रस व बगॅस यांच्या एकत्रित वजनाइतके असते. बगॅसचे वजन बहुधा या समीकरणातूनच काढले जाते. त्यामुळे उसाच्या वजनात चूक झाल्यास ती बगॅसच्या आकड्यात जाऊन बसते. बॉयलरमध्ये जाळलेला, विकलेला व शिल्लक असलेला बगॅस यांच्या हिशेबाशी हा आकडा पडताळला, तरच ती उघड होते. तसेच साखर उतारा म्हणजे साखरेच्या वजनाचे उसाच्या वजनाशी असलेले प्रमाण असल्याने उसाचे वजन कमी धरले गेल्यास उतारा त्या प्रमाणात वाढलेला दिसतो. अशा विसंगती वेगवेगळ्या विभागांचे आकडे एकत्र आल्यावरच लक्षात येतात; एकात्मिक प्रणालीचा हा महत्त्वाचा तांत्रिक लाभ मानला जातो.

### ऊस बिल

केंद्र शासनाच्या ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. २००९ मध्ये या आदेशात दुरुस्ती होऊन वैधानिक किमान दराऐवजी एफआरपीची पद्धत लागू झाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला एफआरपी प्रतिटन ३,५५० रुपये असून त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३४.६० रुपये जादा मिळतात. म्हणजे उतारा ११ टक्के असलेल्या कारखान्याचा एफआरपी प्रतिटन ३,८०९.५० रुपये होतो. महाराष्ट्रात यातून तोडणी व वाहतूक खर्च वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला दिली जाते. मूळ दराची रक्कम ३० दिवस उशिरा मिळाल्यास त्यावरील व्याज प्रतिटन सुमारे ४४ रुपये होते.

कारखान्यांची ऊस बिले परंपरेने पंधरवड्याने काढली जातात. महिन्याच्या १ तारखेला आलेल्या उसाची १४ दिवसांची मुदत १५ तारखेला, म्हणजे पंधरवडा संपतानाच पूर्ण होते. त्यानंतर हाताने बिले तयार करण्यात आणखी दिवस गेल्यास पंधरवड्याच्या सुरुवातीला आलेल्या उसाची मुदत ओलांडली जाते. ईआरपी प्रणालीत वजनाची नोंद होताच बिलाची रक्कम निश्चित होत असल्याने हिशेबामुळे होणारा विलंब टळतो. सोसायटी व बँकेच्या कर्जाची वसुली, कारखान्याने दिलेले बेणे व खते यांची उधारी आणि अन्य कपाती बिलात स्वतंत्रपणे दाखविल्या जातात व उर्वरित रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. दर कोणत्या हंगामाच्या उताऱ्यावर काढायचा आणि तो किती हप्त्यांत द्यायचा, या नियमांतील अशा बदलांमुळे बिलाचे सूत्र प्रणालीत सहज बदलता येणे आवश्यक असते.

### भांडार, देखभाल आणि विक्री

गाळप बंद असतानाच्या काळात यंत्रसामग्रीची दुरुस्ती होते. त्या वेळी भांडारातून मोठ्या प्रमाणावर सुटे भाग दिले जातात. प्रत्येक यंत्राचा देखभाल इतिहास व भांडारातील साठा एकत्र असल्यास मागणीपत्र, निविदा, खरेदी आदेश आणि देयक यांची साखळी तपासता येते आणि अनावश्यक खरेदी टळते. हंगामात गाळप थांबल्यास त्याचे कारण (उसाचा अभाव, यांत्रिक बिघाड, वीज, वाफेचा दाब) व थांबलेला वेळ नोंदविला जातो.

विक्री विभागात साखरेबरोबरच मोलॅसिस, इथेनॉल, बगॅस व सहवीजनिर्मिती यांचे व्यवहार येतात. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, २०१८ पासून ई-वे बिल आणि २०२० पासून टप्प्याटप्प्याने ई-बीजक लागू झाल्याने विक्रीची संगणकीय नोंद अपरिहार्य झाली आहे. जून २०१८ पासून केंद्र शासन प्रत्येक कारखान्याचा मासिक साखरविक्री कोटा ठरविते. त्यामुळे गोदामातील साठा, बँकेकडे तारण असलेली साखर आणि उपलब्ध कोटा एकाच वेळी पाहावा लागतो.

## महाराष्ट्रातील पूर्वीचे प्रयोग

साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील गावांना संगणकाने जोडण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प होय. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह यांच्या सहभागाने १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांचा समावेश होता. गावातील संगणक केंद्रावर शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडणी परवाना, वजन आणि बिलाची माहिती मिळावी, असा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर उसासंबंधीच्या मोजक्या कामांपुरता राहिला आणि संगणकांची देखभाल खर्चिक ठरली.

त्यानंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथेच ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. सात गावांत झालेल्या या प्रायोगिक टप्प्यात गावातील संगणकाची जागा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी घेतली. शेतकऱ्याला लागणारी माहिती थोडी व नेमकी असते आणि ती त्याच्या हातातील साधनावर मिळाल्यास अधिक उपयोगी पडते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष पुढील काळातील वजनसंदेश व ऊस नोंदणी ॲप यांच्याशी सुसंगत आहे.

## शासकीय प्रणालींशी जोडणी

२०२१-२२ च्या हंगामातील अनुभवानंतर साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप सुरू केले. त्याद्वारे शेतकऱ्याला कारखान्याच्या गट कार्यालयात न जाता स्वतः उसाची नोंद करता येते. पिकांच्या नोंदीसाठी राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राबविली असून सातबाऱ्यावरील पिकाची नोंद व कारखान्याकडील ऊस नोंद यांची तुलना त्यामुळे शक्य झाली आहे.

केंद्र शासनाने १ मे २०२५ रोजी साखर (नियंत्रण) आदेश, २०२५ अधिसूचित करून १९६६ चा साखर (नियंत्रण) आदेश रद्द केला. साखर कारखान्यांच्या ईआरपी प्रणाली आणि अन्न व सार्वजनिक वितरण विभागाचे संकेतस्थळ यांची एपीआयद्वारे थेट जोडणी, ही या आदेशातील नवी तरतूद आहे. आदेश निघाला तेव्हा देशातील ४५० पेक्षा अधिक कारखान्यांनी अशी जोडणी पूर्ण केल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. दररोज ५०० टनांपेक्षा जास्त गाळप क्षमता असलेले खांडसरी उद्योगही या आदेशाच्या कक्षेत आले. या तरतुदीमुळे ईआरपी प्रणाली ही कारखान्याच्या अंतर्गत सोयीपुरती मर्यादित न राहता नियमनाचा भाग बनली आहे. या जोडणीचा भर साखरेचे उत्पादन, साठा व विक्री यांवर आहे. तोडणीची पाळी व शेतकऱ्याचे वजन हे विषय तिच्या बाहेर राहतात.

## अंमलबजावणी

प्रणालीची उभारणी सामान्यतः गाळप बंद असतानाच्या काळात केली जाते. हंगाम सुरू असताना जुनी पद्धत बंद करून नवी सुरू करणे धोक्याचे ठरते, कारण वजनकाटा काही तास बंद पडला तरी वाहनांच्या रांगा लागतात व तोडलेला ऊस वाळतो. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये, आपल्या वर्षातील सर्वाधिक मागणीच्या काळाच्या तोंडावर, तीन नव्या संगणकप्रणाली एकाच वेळी सुरू केल्या. परिणामी गोदामात माल असूनही १० कोटी डॉलरहून अधिक किमतीची मागणी तिला पूर्ण करता आली नाही. हंगामी उद्योगात प्रणाली बदलण्याची वेळ चुकल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणून ही घटना व्यवस्थापनशास्त्रात दिली जाते.

साखर कारखान्यात अंमलबजावणीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

* सभासद, गावे, गट क्रमांक, बँक खाती व करारदार यांच्या मूळ याद्यांची शुद्धी. मयत सभासद, वारस नोंद न झालेली खाती व एकाच व्यक्तीची अनेक नावे या टप्प्यात निकाली काढावी लागतात.
* लागण हंगामात ऊस नोंदीचा भाग प्रथम सुरू करणे.
* भांडार व लेखा विभाग आर्थिक वर्षाच्या प्रारंभी प्रणालीत आणणे.
* बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी वजनकाटा व तोडचिठ्ठीची चाचणी घेणे.
* पहिल्या काही पंधरवड्यांची बिले जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी काढून ताळा घेणे.

गट कार्यालयांतील अनियमित वीजपुरवठा व इंटरनेट लक्षात घेऊन शेतातील नोंद आधी भ्रमणध्वनीवर साठवून नंतर पाठविण्याची सोय आवश्यक असते. काट्यावरील संगणकही मध्यवर्ती यंत्रणेशी संपर्क तुटल्यास स्वतंत्रपणे चालणारा असावा लागतो. ॲपमधील मजकूर मराठीत असणे आणि शेतकी कर्मचारी, चिटबॉय व काटा कारकून यांना प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण मिळणे, यांवर वापराचे यश अवलंबून असते. पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ मध्ये स्थापन झालेली संस्था साखर कारखान्यांना तांत्रिक मार्गदर्शन व प्रशिक्षण देते.

## परिणामांचे मोजमाप

प्रणालीचा लाभ झाला किंवा नाही, हे पुढील निकषांवरून ठरविले जाते : तोडणी ते गाळप यांतील कालावधी, उसाअभावी गाळप थांबलेले तास, नोंदीतील अंदाजित व प्रत्यक्ष आलेला ऊस यांतील फरक, अज्ञात घटीचे प्रमाण, भांडारातील न वापरलेल्या मालाची किंमत आणि ऊस आल्यापासून बिल जमा होईपर्यंतचे दिवस.

यांपैकी पहिला निकष उताऱ्याशी थेट संबंधित आहे. हंगामात ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा ०.१ टक्क्याने वाढल्यास ५०० टन अधिक साखर मिळते. २०१९ मध्ये ठरलेल्या प्रतिकिलोग्रॅम ३१ रुपये या किमान विक्री दराने तिची किंमत १ कोटी ५५ लाख रुपये होते. ताजा ऊस गाळपाला आल्याने होणारा हा लाभ एफआरपीच्या सूत्रामुळे ऊस उत्पादकालाही मिळतो.

## मर्यादा आणि आक्षेप

ईआरपी प्रणालीबाबत पुढील मर्यादा व आक्षेप नोंदविले जातात :

* मूळ नोंद चुकीची असल्यास प्रणाली तीच चूक सर्व विभागांत पोहोचविते. लागणीची तारीख मागची दाखविल्यास तोडणीची पाळी पुढे येते. संगणकीय यादीत ती नियमानुसारच वाटते. यावर शेतातील प्रत्यक्ष पडताळणी हाच उपाय आहे.
* तोडणी कार्यक्रमाची यादी गट कार्यालयात अथवा ॲपवर सर्वांना पाहता येत नसेल, तर पाळीबाबतचा संशय कायम राहतो. प्रणालीतील नोंदी केवळ व्यवस्थापनाला दिसणे व सभासदांना दिसणे यांत मोठा फरक आहे.
* बिल तयार होणे आणि पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखरेचे दर पडल्यास अथवा बँकेचे कर्ज उपलब्ध न झाल्यास प्रणाली कितीही कार्यक्षम असली तरी एफआरपी थकतो. अशा वेळी साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्राद्वारे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीची कारवाई करू शकतात.
* परवाना शुल्क, देखभाल व प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा खर्च कमी गाळप क्षमतेच्या वा आर्थिक अडचणीतील कारखान्यांना जड जातो. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहिल्यास जुनी माहिती नव्या प्रणालीत नेणे अवघड होते.
* शेतकऱ्यांची जमीन, कर्ज व बँक खाते यांची माहिती एकत्र साठविली जात असल्याने तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण होतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अशा माहितीच्या वापराबाबत तरतुदी आहेत.
* तोडणी मजुरांची नोंद बहुधा मुकादमाच्या अथवा टोळीच्या नावे होते. ‘कोयता’ म्हणून एकत्र काम करणाऱ्या पती-पत्नींपैकी स्त्री मजुराचे नाव नोंदीत न आल्यास तिचे काम व मजुरी प्रणालीत दिसत नाही.

पाण्याच्या उपलब्धतेनुसार ऊस क्षेत्रात होणारे चढउतार ही नांदेड विभागाची मूळ समस्या असून ती संगणकप्रणालीने सुटणारी नाही. क्षेत्राची अचूक नोंद वेळेत झाल्यास तोडणी मजूर व यंत्रे यांची जुळवाजुळव, शेजारील कारखान्यांकडे ऊस वळविणे आणि गाळप हंगाम सुरू करण्याची तारीख हे निर्णय हंगामापूर्वी घेता येतात.

## हे सुद्धा पहा

* साखर कारखाना
* महाराष्ट्रातील सहकारी चळवळ
* रास्त व किफायतशीर दर
* वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट
* ई-पीक पाहणी
* लातूर जिल्हा
* नांदेड जिल्हा